दावं घेऊन पळणारी मंदा

मंदे, तू डोंगरावर गेली नाहीस, ओट्यापाशी गेलीस. हाताला पीठ होतं. हे मी आधीच लिहून टाकते, कारण गावात भलतंच सुरू आहे. "पळून पळून मेली" म्हणतात. दुकानात म्हणतात, गिरणीवर म्हणतात. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणारी बाई माप देता देता म्हणते, "लय पळायच्या ना वो मंदाबाई, छातीच फुटली म्हणं." मी टेप तिच्या दंडाला तसाच धरून तिला सांगते, छाती नाही गं, डोक्यातली नस फुटली, नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पळण्याचा काडीचा संबंध नाही, बसून राहणाऱ्यालाही होतं. ती मान हलवते. म्हणते, "तेच म्हणते मी. एवढं पळायला कशाला पायजे होतं?"

आता हिला काय सांगायचं.

तुझ्या मागं तू पळायला लावलेल्या बायकांचं पळणं बंद झालं आहे. एकजात सगळ्यांचं. आपल्या घरातलंसुद्धा. माझी सून प्रतिभा, जिला तू हाताला धरून खिंडीत चढवलंस, तिचे बूट दाराआड पडले आहेत, त्यांत कोळ्यानं जाळं केलं. तू गेलीस ते कुणाच्या हातात नव्हतं, तेवढं मला कळतं. पण या बायकांचं पळणं तर राहू शकलं असतं ना? तुझं म्हणून तेवढंच मागं उरलं होतं. तेही माझ्या डोळ्यांदेखत चाललंय, आणि मी नुसती बोलते आहे. बोलणं मला कधी कमी पडलं नाही, तुला ठाऊक आहे. आत्ता पडतंय.

आठवतं का, सुरुवात कशी झाली? भाऊजी गेले, तुझा नवरा, माझा दीर, त्यानंतरचा तो हिवाळा. पहाटे उठून तू दारात उभी राहायचीस. म्हणायचीस, "अक्का, भिंती अंगावर येतात." मी म्हणायचे, चहा घे. थोरल्या जावेला दुसरं काय सुचणार? मग तू धरणाच्या रस्त्याने चालायला लागलीस, आणि एक दिवस चालता चालता पळालीस. पदर खोचलेला, चपला हातात. मी पाहिलं नाही. दुपारपर्यंत चौघींनी येऊन सांगितलं. "मंदाबाई का पळत व्हत्या? कुणी मागं लागलं व्हतं का?"

पन्नाशीची बाई उगाच पळते हे गावाच्या डोक्यात बसतच नाही. कुणी मागं लागलं असेल, कुणी दगावलं असेल, नाहीतर जनावर सुटलं असेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची गाय सुटली." घरात गाय नव्हती. गाय काय, शेळीही नव्हती. एक खुडुक कोंबडी होती.

संध्याकाळी तुला सांगितलं तर तू हसलीस. भाऊजी गेल्यावर पहिल्यांदा हसलीस, म्हणून मला जोर चढला. मी पडवीतल्या खुंटीवरचं दावं काढून तुझ्या हातात दिलं. बैल विकले तेव्हापासून तो दोर तिथं लटकत होता. म्हटलं, हे हातात घेऊन पळ, कोण अडवतंय बघू.

आणि कुणी अडवलं नाही! हातात दावं असलं की बाई शेतातून पळो, बांधावरून पळो, डोंगरावर चढो, कुणाला वावगं वाटत नाही. उलट मदत करतात. "तांबडी का? आत्ता नाल्याकडं गेली बघा." मग तुला नाल्याकडं पळणं भाग. "जंगलखात्याच्या गेटाकडं एक चरत होती." मग तिकडं. तू म्हणायचीस, अक्का, मला आज खिंडीची पायवाट गावली, शेजारच्या तात्यांनी हात करून दाखवली. तुझ्या निम्म्याअर्ध्या वाटा अशा गावानेच बोट दाखवून दिल्या आहेत. ती गाय कुठं कुठं हिंडली गं आपली.

मग किसनतात्यांनी ती आणून दिली. शेजारधर्म. एका सकाळी दाराशी हजर, मागं एक तांबूस गाय, कुणाची कोण जाणे. "घ्या मंदाबाई. कवाधरनं शोधताय. गावली आज." तू माझ्याकडं पाहिलंस, मी तुझ्याकडं. आणि तू काय केलंस, गाईच्या गळ्यात हात टाकून म्हणालीस, "अगं बाई, व्हतीस कुठं?" मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. गाईने तुला लाथ मारली ती मी खिडकीतून पाहिली. तात्या चहा पिऊनही उठले नाहीत, बसून सल्ले देत होते. "वळख विसरली वाटतं. गूळ द्या, हळूहळू येईल ध्यानात."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाड्यावरून तिचा मालक आला. डोळे लाल. तात्या मधे पडले. "ह्यांचीच हाय. मी सोता पाह्यलंय ह्यांना शोधताना. एक दिस नाय, आख्खा हिवाळा!" मालक म्हणे, माझी. तात्या म्हणे, ह्यांची. अंगावर जायची वेळ आली. तेव्हा तू मधे गेलीस आणि त्याच्या हातात दावं दिलंस.

"तात्या, गाय ह्यांचीच. आमच्याकडं गायच नाय."

"मग शोधत काय व्हत्या?"

"काय नाय. पळत व्हते."

"कशापायी?"

"बरं वाटतं."

तात्या मालकाकडं वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्यांना बरं वाटतं म्हणं." बिचाऱ्या मालकाने गाय नेली, दावंही नेलं.

त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही. पोरं मागून ओरडायची, "मंदाबाई, गाय!" तू हात वर करायचीस, पण थांबायची नाहीस. मी भाऊजींची गिरणीत घालायची पँट उसवली, पायाशी निमुळती केली, कमरेला इलॅस्टिक घातलं. आधी साडीच्या आत घालायचीस, मग साडी गेली, वर कुर्ता आला. ती पँट घालून पहिल्यांदा बाहेर पडताना तू तिच्या खिशात हात घातलास आणि जरा वेळ तसाच ठेवलास. कधी कधी मलाही गप्प बसता येतं.

मागल्या आळीची शकू आली. म्हणाली, "मलाबी झोप लागत नाय." मग आणखी दोघीतिघी. मग आमची प्रतिभा. मला वाटलं होतं माझा अमोल तिला आडवा येईल, पण तो म्हणाला, "काकूसंग जाते ना? मग जाऊ दे." पोरगं तुझ्याच हातचं खाऊन वाढलं, तुला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

आणि काय वाटा घातल्यास तू, मंदे. मी त्यातल्या अर्ध्याही पायांनी पाहिल्या नाहीत, गुडघ्यांनी दगा दिला. पण तू परत आलीस की मशीनजवळ बसून सांगायचीस, आणि मी पायडल थांबवून ऐकायचे. धरणाची वाट नव्या बाईसाठी, सपाट. सकाळी पाण्यावर धुकं असतं, पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात. पाणी दिसत नाही, नुसते कावळेच अधांतरी बसल्यासारखे वाटतात म्हणायचीस. खिंडीची वाट भाताच्या खाचरांमधून, मग गुरांच्या वाटेने वर. खिंडीत दम खायला थांबलं की खाली घाटातली गाडी बोगद्यात शिरताना दिसते. डबे मोजायचा तुमचा खेळ होता, रोज आकडा वेगळा यायचा आणि भांडणं व्हायची. आणि पठाराची वाट सगळ्यांत शेवटी, ज्या बाईचा श्वास नीट झाला तिलाच. भादव्यात कातळावर पिवळी सोनकी, पाण्याची डबकी, आणि समोर ढगातून फक्त कळसूबाईचं टोक वर. "अक्का, तिथं पळताना खालचं गाव दिसतच नाय," म्हणायचीस. मी विचारायचे, मग काय दिसतं? "काय नाय. तिथं कुणी मला हाक मारत नाय."

वाट घालायची तुझी रीत मला फार आवडायची. आधी अनवाणी चालून यायचीस. कुठं कातळ निसरडा, कुठं काटा, ते तळव्याला कळलं पाहिजे म्हणून. मग ज्याच्या शेतातून जायचं त्याच्या दारात जाऊन विचारायचीस. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची लावणी चालू असते तेव्हा, बांध ओल्या चिखलाने लिंपलेले असतात, त्यावर पाय पडला तर बांध खचतो, खाचरातलं पाणी फुटून जातं. तेवढे दिवस तू सगळ्या जणींना लांबच्या नाल्यावरून फिरवायचीस. शकू कुरकुरली, "एवढा मोठा फेरा?" तर म्हणालीस, "त्यांनी बांध आपल्यासाठी घातला नाय." म्हणून तर शेतकरी तुला कधी नाही म्हणाले नाहीत. शहरातनं रविवारी गाड्या घेऊन पळायला येणारी माणसं आली तेव्हाही तू त्यांना हेच ऐकवलंस. ती ऐकत, आणि हातातल्या घड्याळात वाट भरून घेत. तुला त्याची गंमत वाटायची.

आपलं एक भांडण राहिलं आहे. ते आज पुरं करते, तू मधे बोलू शकत नाहीस म्हणून नव्हे, पण कुणाजवळ बोलू?

तू म्हणायचीस, अक्का, गाईचं खोटं बोललो ते चुकलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पळते म्हणून. बाईला पळायला कारण कशाला लागावं? मी म्हणायचे, तुला कळत नाही. गावाला कारण दिलं की गाव गप्प बसतं. नाही दिलं तर ते आपलं कारण शोधत बसतं. तू म्हणायचीस, बसू दे की. मी म्हणायचे, बघशील. भांडी घासताना भांडायचो, कपडे वाळत घालताना भांडायचो. पार अमोल म्हणायचा, "ती गाय जाऊन किती वर्षं झाली, तुमचं अजून तेच?"

बघ, मंदे. गाय होती तोवर कुणाला भीती नव्हती. काटे लागले, पडलीस, एकदा पाय मुरगळून आठवडाभर लंगडलीस, कुणी म्हटलं नाही की पळणं वाईट. गाय शोधताना पडली म्हणाले. तू स्वतःसाठी पळायला लागलीस आणि गाव कारण शोधत बसलं. इतकी वर्षं दम धरून बसलं. आता त्याला कारण मिळालं, आणि ते तू आहेस. भांडण मी जिंकले. असं जिंकायचं होतं का मला?

त्या दिवशी तर तू पळालीही नव्हतीस! हे कुणी ऐकूनच घेत नाही. श्रावणातला पाऊस धो धो, तू म्हणालीस आज वाटा निसरड्या असतील, पोरींना नको बोलवायला. भाकरी थापायला घेतलीस. मी काज करत होते. तू म्हणालीस, "अक्का, डोकं कसंतरीच..." आणि ओट्याला टेकून खाली बसलीस, जशी भाजी निवडायला बसायचीस तशी. मला वाटलं बसली. मी म्हटलंसुद्धा, पाट घे गं, फरशी गार आहे.

तव्यावरची भाकरी जळाली. तिचा वास अजून येतो मला, कुणाच्याही घरचा आला तरी.

तुझं पुण्यानुमोदन झालं बुद्धविहारात. वंदना झाली, मग ज्याने त्याने उठून तुझ्या आठवणी सांगायच्या, आपल्याकडं करतात तसं. चांगलं बोलले सगळे. मग एक शहाणा उठला, नाव लिहीत नाही, तुझ्याच हातचा चहा प्यायलेला. म्हणाला, "बाई जिद्दीची, पण वयाचं भान पाहिजे. आपल्या लेकीसुनांनी ह्यातून शिकावं." आणि पुढं बसलेल्या पोरींनी माना खाली घातल्या. शकूनेसुद्धा.

मी उठले. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी डॉक्टरांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, त्या दिवशी तू उंबऱ्याबाहेर गेली नव्हतीस ते सांगितलं. पळायला लागल्यापासून तुला झोप लागायला लागली, तुझं हसणं परत आलं, हेही सांगितलं. मग माझा आवाज चढला. मी त्याला म्हटलं, तुझा बाप खाटेवर पडल्या पडल्या गेला, मग आता खाटेवर झोपायचं बंद करतोस का? एरवी माझ्या अशा बोलण्यावर लोक हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, घरातलं माणूस गेलेल्या बाईचं ऐकतात तसं. मग कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं. आणि जेवायला बसले.

गेल्या रविवारी नाशिकची ती पळणारी मंडळी आली. छातीवर तुझा फोटो छापलेला. तो धरणावर काढलेला, त्यात तू डोळे बारीक केलेस बघ, तोच. तुझ्या नावाने तुझ्या वाटेवरून पळाली. चांगली माणसं आहेत, रडली माझ्याजवळ. पण आपल्या बायका कुठं होत्या सांगू? धरणाच्या भिंतीपाशी टेबल मांडून पाणी देत होत्या. ज्या वाटेवर शकू आधी सगळ्यांच्या पुढं असायची, तिथं ती पदर डोक्यावर घेऊन पेले भरत होती. एका पोरीने तिला विचारलं, "काकू, तुम्हीपण धावायचात ना मंदाताईंबरोबर?" शकू म्हणाली, "नाय बाई. आमी कसल्या."

आमी कसल्या! मी तिथंच होते, खुर्चीवर. मंदे, तू नसल्याचं मला तोवर समजलंच नव्हतं. मयताला नाही, पुण्यानुमोदनाला नाही. तेव्हा समजलं.

खिंडीच्या वाटेवर गवत कमरेच्या वर गेलंय. त्या मंडळींनाही मधूनच परतावं लागलं, घड्याळात वाट होती पण जमिनीवर सापडेना. ती तुमच्याच पायांनी उघडी राहत होती, रोजच्या रोज.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अमोलला धरलं. सगळा राग साठला होता. म्हटलं, तुझ्या काकूने तुला वाढवलं, आणि तू बायकोला घरात बसवतोस? लाज वाटते का? बराच वेळ मी बोलत होते. शेवटी तो म्हणाला, "आई, मी एका शब्दाने बोललो नाय तिला. मी तर म्हणतो जा. तूच विचार तिला."

मला खरं नाही वाटलं. नवरे असंच म्हणतात. मी मागं गेले, प्रतिभा धुणं घालत होती. विचारलं, कुणी अडवलंय तुला, नाव सांग, मी बघते त्याच्याकडं. ती ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली.

"कुणी नाय, आई. मलाच भीती वाटते."

"कसली?"

"खिंड चढताना छाती धडधडायची ना, तेव्हा काकू म्हणायच्या, ऐक कान देऊन, किती जोरात चाललंय, तुझंच हाय ते. मला लय भारी वाटायचं. आता पाण्याची कळशी उचलली, जरा धडधडलं, की वाटतं, हेच. आता आपलं हेच."

मी तिला सगळं सांगितलं, मंदे. डॉक्टर, नस, पाऊस, भाकरी. तिला सगळं पाठ आहे. तीच तुझ्याबरोबर दवाखान्याच्या गाडीत होती, डॉक्टरांनी तिलाच पहिल्यांदा सांगितलं. तिचा माझ्यावर विश्वास आहे, डॉक्टरांवर आहे. भीती मात्र जात नाही.

गावाशी भांडायला मी होते. पोराशी, त्या विहारातल्या शहाण्याशी, ब्लाऊजवालीशी, सगळ्यांशी भांडायला माझी जीभ आहे. ही समोर उभी राहून भांडतच नाही. तुला जमलं असतं. तू काही न बोलता तिचे बूट तिच्यापुढं ठेवले असतेस आणि चालू लागली असतीस. मी ठेवून पाहिले. तिने उचलून पुन्हा दाराआड ठेवले, माझ्यावर न चिडता.

हल्ली सकाळी, तुमची निघायची वेळ होते तेव्हा, ती स्वयंपाकघरात येते. चुलीवर पाणी असतं. माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवते आणि विचारते, "आई, बघा ना, नीट चाललंय का?" मला काय कळतं त्यातलं? मी मापं घेणारी बाई. नीट चाललंय, म्हणते. माझ्या हाताखाली ते धावत असतं, मंदे, जिवाच्या आकांताने धावत असतं, आणि पोर जागची हललेली नसते.